काचेच्या विटा घेऊन बालाघाटास

बालाघाट कुठे आहे, असं परत आल्यापासून कारखान्यात रोज कुणीतरी विचारतं, आणि मी सांगायला लागलो की निम्म्यातच उठून जातं. म्हणून एकदाच लिहून ठेवतो. ज्याला वाचायचं त्याने वाचावं.

नकाशावर नागपूर सापडलं की बोट उजवीकडे न्यावं, मग थोडं वर. पाच-सहा वर्षांपूर्वी राज्यं नव्याने आखली, तेव्हा हा जिल्हा मध्यप्रदेशात राहिला. कचेरीत हिंदी, कितीतरी घरांत मराठी, आणि बाजारात ज्याला जे सुचेल ते. मिरजेहून तिथे जायचं तर वाटेत तीन रुंदीचे रूळ लागतात. पुण्यापर्यंत मीटरगेज, पुढे गोंदियापर्यंत ब्रॉडगेज, आणि गोंदियाहून एवढीशी नॅरोगेज. हातात एक पिशवी असलेल्या माणसाला याचं काही वाटणार नाही. माझ्याबरोबर पंधरा खोकी होती. प्रत्येक खोक्यात पेंढ्यात गुंडाळलेल्या बारा काचेच्या विटा. गाडी बदलायची म्हणजे ती पंधराच्या पंधरा खोकी उतरवायची आणि पुन्हा चढवायची.

या विटा म्हणजे आमच्या मालकांचं वेड. मुंबईत त्यांनी एका थिएटरची भिंत पाहिली, परदेशी काचेच्या विटांची, आतून उजेड झिरपणारी. झोप उडाली त्यांची. आम्ही आपले बरण्या आणि दौती करणारे लोक. पण त्यांनी साचा करवून घेतला, काचेच्या दोन चौकोनी वाट्या तोंडाला तोंड लावून तापत्या असताना जोडायच्या, आत पोकळी, आतल्या अंगाला बारीक रेघा. वीतभर लांब, वीतभर रुंद. उजेड पार जातो, पण पलीकडचं काही ओळखू येत नाही. मिरजेत एकानेही घेतली नाही. "ऊन घरात यायला भिंत कशाला बांधायची?" असं लोक विचारत, आणि मला ते पटत असे. विटा गुदामात पडून राहिल्या.

मग बालाघाटकडच्या एका शाळेच्या बाईंचं पत्र आलं. मालकांनी ते मला तीनदा वाचून दाखवलं, म्हणून पाठ आहे. "माझ्या शाळेत एकच खोली आहे आणि तिला एकच खिडकी. खिडकीसमोर बाजार. खिडकी उघडली तर आईबाप मुली काढून नेतात, मिटली तर फळा दिसत नाही. उजेड यावा पण नजर येऊ नये अशी वस्तू आपण करता, असे एका मासिकात वाचले. ती पाठवावी."

"तुम्ही घेऊन जा," मालक म्हणाले. "लावून दाखवूनच या."

मी म्हटलं, बावीस वर्षं मी भट्टीवर आहे, भिंत कधी बांधलेली नाही.

"गवंडी तिकडे मिळेल," ते म्हणाले. हे वाक्य मी पुढचे बारा दिवस रोज आठवत होतो.

गोंदिया

पुण्याला काही फुटलं नाही. गोंदियाला फुटलं. तिथला मालधक्क्यावरचा कारकून पावतीवर बोट ठेवून बसला. पावतीवर लिहिलं होतं, काचेच्या विटा.

"काच का वीट?" तो म्हणाला.

"काचेची वीट."

"असं कायी नसते. काच आहे तं काच लिहा. वीट आहे तं वीट लिहा."

मी एक खोकं उघडून दाखवलं. त्याने वीट हातात घेतली, डोळ्याला लावून माझ्याकडे पाहिलं आणि दोघा हमालांना बोलावून त्यांनाही दाखवली. तिघांत चर्चा झाली. शेवटी त्याने वीट असं लिहिलं, आणि हमालांनी ते ऐकलं. पुढचं खोकं त्यांनी विटा टाकतात तसं टाकलं.

आवाज ऐकून मी धावलो. बारातल्या अकरा गेल्या होत्या.

"अरे, काच होती ती!"

"मंग वीट काहून म्हन्ता तुमी?" मोठा हमाल म्हणाला. त्याला खरंच वाईट वाटलं होतं. पेंढ्यातून काचा वेचताना त्याचं बोटही कापलं. रागावायचं कुणावर? त्याने मला चहा पाजला आणि उरलेली खोकी स्वतः, एकेक, पोटाशी धरून छोट्या गाडीत ठेवली. मी स्टेशनाबाहेर पोहे खाल्ले. तिकडे पोह्यांवर तिखटजाळ रस्सा ओततात, त्याने डोळ्यांत आलेलं पाणी अकरा विटांच्या नावावर खपून गेलं.

छोट्या गाडीबद्दल एवढंच लिहितो, की ती चालते. दोन्ही बाजूंना कापणी झालेली धानाची शेतं, बांधाबांधावर पळस फुललेला. आमच्याकडे पळस असा रांगेने कधी दिसत नाही. समोर बसलेल्या बाईने टोपलीतली ओंजळभर बोरं माझ्या मांडीवर ओतली आणि विचारलं, "कोन्या गावले चालले, भाऊ?" मी सांगितलं. खोक्यांत काय आहे तेही सांगितलं. तिने डब्यातल्या सगळ्यांना ते सांगितलं. बालाघाट येईपर्यंत मला सात वेळा तीच वीट पेंढ्यातून काढून दाखवावी लागली.

बालाघाटला पुन्हा गाडी बदलायची होती आणि ती निघून गेलेली होती. एक दिवस गेला. दुसऱ्या दिवशी वारासिवनीला उतरलो, तर फलाटावर एक किडकिडीत, चष्मा लावलेली, पन्नाशीची बाई उभी. पांढरं लुगडं, हातात छत्री. बाहेर दोन बैलगाड्या, तिकडच्या भाषेत बंड्या, जुंपून तयार.

"किती फुटल्या?" नमस्कार नाही, काही नाही.

"अकरा."

"मला वाटलं होतं निम्म्या जातील," पत्र लिहिणाऱ्या त्या कमलाबाई म्हणाल्या. "चला. वेळ नाही."

गाव

गावाचं नाव लिहीत नाही. बाईंनी तशी ताकीद दिली आहे. आधीच फार लोक बघायला येतात म्हणे. रामपायलीपासून दोन कोसांवर आहे, एवढं पुरे.

शाळा म्हणजे जुनं धान्याचं कोठार. तीन बाजूंना लोकांच्या घरांच्या भिंती, चौथी बाजू पूर्वेची, आणि तिथेच बाजाराचं मैदान. त्या भिंतीत एक खिडकी, तिला फळ्या ठोकलेल्या. समोर चहाचं दुकान. आत गेलो तर मला आधी मुली दिसल्याच नाहीत, नुसती कुजबुज ऐकू आली. दाराच्या पट्टीभर उजेडात पाच-सहा जणी पाट्या तिरप्या धरून बसल्या होत्या. बाकीच्या पाठ म्हणत होत्या, कारण अंधारात तेवढंच करता येतं.

"छपरात काचेची कौलं घालायची," मी म्हटलं. भट्टीवरचा माणूस असलो तरी एवढं मलाही कळतं.

"घातली होती. वानरांनी फोडली. दोनदा." मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. अकरा मुली सातवीला होत्या. परीक्षा महिन्यावर आलेली. शाळा तपासणारे साहेब सांगून गेले होते, की कंदील न लावता वाचता येईल एवढा उजेड खोलीत असेल तरच इथे परीक्षा घेऊ, नाहीतर मुलींनी वारासिवनीला मुलांच्या शाळेत जाऊन बसायचं. "आणि तिथे एकही आईबाप पाठवणार नाही. सात वर्षं शिकवून अकराच्या अकरा घरी बसतील. साहेब सोमवारी येतायत."

त्या दिवशी शनिवार होता. मला वाटलं, परवा. "पुढच्या सोमवारी," त्या म्हणाल्या. "मी तुम्हाला काय वेडी वाटले?"

माझी उतरण्याची सोय दौलतराव कावरे यांच्याकडे केली होती. दौलतराव म्हणजे गावातले बरे शेतकरी, आडव्या अंगाचे, मोठ्या आवाजाचे. त्यांनी मला इतकं प्रेमाने खाऊ घातलं की मी मेटाकुटीला आलो. सकाळी भात. दुपारी भात. न्याहारीला आयते, म्हणजे तांदळाचे घावन, संध्याकाळी तांदळाची भाकर आणि वर पुन्हा भात. तांदूळ वासाचा, तोंडात विरघळणारा, त्याच्याबद्दल तक्रार नाही. लाखोळीची डाळही चवीची. पण ज्वारीच्या भाकरीशिवाय माझं पोट जेवण झालं असं मानत नाही. तिसऱ्या दिवशी मी भीत भीत विचारलं. दौलतरावांच्या पत्नी पार्वताबाईंनी मला आजारी समजून मऊ भात केला.

त्याच घरात मला कळलं की त्यांची थोरली, इंदू, त्या अकरांतलीच. दिवाळीपासून घरी बसलेली.

"काहून बसवली?" असं मी त्यांच्याच भाषेत विचारायचा प्रयत्न केला.

दौलतराव हसले, मग हसायचे थांबले. "खिडकी उघडली का चहावाल्याच्या बाकावरून पोट्टे पायतेत. गाने म्हन्तेत. मी सोता ऐकलं. बंद केली का पोरीले दिसत नायी. मंग शाळेत जाऊन करते काय? घरी तं मायले हात लावते."

"भिंत झाल्यावर पाठवाल?"

"पायतो ना आधी. काचेतून दिसत नायी, हे कोनाले खरं वाटन, भाऊ? तुमीच सांगा."

इंदू पाण्याचा तांब्या ठेवायला आली होती. ती माझ्याकडे पाहत होती, उत्तर काय येतं म्हणून. मी तांब्याकडे पाहिलं आणि पाणी प्यालो.

गवंडी

गवंडी मिळाला. सुखदेव रामटेके. बारीक, काळासावळा, कमी बोलणारा; येताजाताना आपल्या मोहल्ल्यातल्या लोकांना जयभीम घालत यायचा. त्याची मुलगी कुसुम याच शाळेत चौथीत. त्याने जुनी भिंत फोडून चौकट अशी साफ काढली की मला वाटलं, झालं, आता दोन दिवसांचं काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो, तर विटा जागेवर नाहीत. खोकी रिकामी. मी ओरडत बाहेर आलो. मागच्या अंगणात पाण्याचं टाकं आहे, त्यात आमच्या एकशेएकोणसत्तर विटा बुडवून ठेवलेल्या.

"हे काय केलंस?"

"भिजू घातल्या," सुखदेव म्हणाला. "वीट भिजवल्याबिगर लावत नायी कोनी."

"अरे, काच आहे ती! ती पाणी पीत नाही!"

तो थबकला. एक वीट काढून तिच्याकडे बघत राहिला. "पानी पित नायी, मंग मसाला कायले धरन?"

मी कपाळाला हात लावला. बाईंना हाक मारली. सगळ्यांसमोर त्याला बोललो, जरा जास्तच बोललो. तो विटा काढून रांगेने उन्हात मांडत होता. मांडता मांडता त्याने सात विटा वेगळ्या ठेवल्या.

"या पेल्या," तो म्हणाला.

सातही विटांच्या पोटात पाणी खळखळत होतं. म्हणजे जोड कच्चे होते. जोड तपासून विटा गुदामात पाठवायचं काम माझं. प्रत्येक खोक्यावर माझ्या हातची खूण होती. तशाच लावल्या असत्या तर पहिल्या पावसाळ्यात आत दमट वाफ धरून त्या आंधळ्या झाल्या असत्या, आणि काढायच्या तर भिंत फोडावी लागली असती. बाई माझ्याकडे बघत होत्या. सुखदेव बघत नव्हता, त्याचं मला जास्त लागलं.

"माझी चूक आहे," मी म्हटलं. "जोड माझ्या नजरेतून सुटले."

"होते, साहेब," तो म्हणाला, आणि मसाल्याचा, म्हणजे विटा सांधायच्या कालवणाचा, प्रश्न पुन्हा काढला. एवढ्या सगळ्यात तो त्याच्या डोक्यातून गेला नव्हता.

आता उरल्या एकशेबासष्ट. मालकांनी काढून दिलेल्या भिंतीच्या नकाशात बारा-बाराचे चौदा थर होते, म्हणजे सहा कमी. मी कागदावर आकडे मोडत बसलो. सुखदेवने चौकटीला हात लावून सांगितलं, खालचा थर मातीच्या विटेचा घेऊ, तेरा थर काचेचे. बाजारात म्हशी फिरतात, त्यांची शिंगं तिथेच लागतात. सहा विटा शिल्लकही राहतील. मी कागद घडी करून खिशात ठेवला.

मसाल्याला बारीक, धारदार, धुतलेली वाळू लागेल असं तो म्हणाला, आणि ती फक्त चंदन नदीत, रामपायलीला. गावाजवळच्या नाल्यातली का नाही, असं मी विचारलं. "ते माती हाय," एवढंच उत्तर. वाळूसाठी एक अख्खा दिवस! मी चिडून बंडीत बसलो. पण रामपायलीचा तो दिवस या प्रवासातला एकुलता एक दिवस, ज्यात माझं काही बिघडलं नाही. नदीकाठी जुनं राममंदिर, भिंती किल्ल्यासारख्या जाड, खाली पात्रात गुडघाभर निवळ पाणी. सुखदेव वाळू मुठीत घेऊन कानाशी चोळायचा, आवाज ऐकायचा, आणि टाकून द्यायचा. चार ठिकाणी टाकली. पाचव्या ठिकाणी मला म्हणाला, "ऐका." मी ऐकलं. करकर वाजत होती. मग आम्ही दोघांनी ती धुतली, चाळली, पोत्यांत भरली आणि पळसाखाली बसून त्याच्या घरची अंबाडीची भाजी आणि भात खाल्ला. पुन्हा भात. पण आंबट भाजीबरोबर चांगला लागला, हे कबूल करतो.

भिंत

काचेची वीट मसाल्यावर बसत नाही, घसरते. मातीची वीट ओलावा ओढून घेते आणि घट्ट धरते. ही आपली तरंगत राहते. दोन थर झाले की वरच्या वजनाने खालचा हलतो. सुखदेवने दिवसाला दोन थर लावले आणि थापी खाली ठेवली.

"अजून चार तास उजेड आहे," मी म्हणायचो.

"मसाल्याले नायी ना."

बुधवार ते शनिवार असे आठ थर. मी हिशेब करून करून थकलो. सोमवारी साहेब येणार आणि पाच थर बाकी. रविवारी बाईंनी स्वतः मसाला कालवला. पार्वताबाई आणि आणखी चार-पाच बायका पाणी आणून देत होत्या. सुखदेवने त्या दिवशी थरांमध्ये लोखंडी सळया घालून, बाहेरून बांबूचे टेकू देऊन तीन थर चढवले, आणि सोमवारी दिवस उगवायच्या आधीच येऊन उरलेले दोन. वर आणि बाजूंना मालकांनी सांगितल्याप्रमाणे डांबरी कागदाची पट्टी, उन्हात काच फुगेल तेव्हा तिला जागा हवी म्हणून. मी ओला मसाला फडक्याने पुसत होतो तेव्हा सूर्य मैदानापलीकडच्या झाडांवर आला.

मी बावीस वर्षं काच पाहतो आहे. तरी सांगतो, हातातलं फडकं तसंच राहिलं. कोठाराच्या तळापर्यंत उजेड गेला, जरा हिरवट, पाण्यातून येतो तसा. कोपऱ्यातले कोळी दिसले, भिंतीवरचे जुने धान्याच्या पोत्यांचे डाग दिसले. बाईंनी लगेच तो कोपरा झाडायला घेतला.

सोमवारचा बाजार

सोमवार हा बाजाराचाही दिवस, हे मागच्या सोमवारी बघूनही माझ्या लक्षात राहिलं नव्हतं.

साहेब दहाला आले. जबलपूरकडचे, हिंदी बोलणारे, सावकाश चालणारे गृहस्थ. शाळेतल्या एकुलत्या एक खुर्चीवर बसले. पुढे टाटपट्टीवर, म्हणजे तरटाच्या लांब पट्टीवर, मुली. त्यांनी तपासणीचं पुस्तक उघडलं, चष्मा लावला, आणि चष्मा काढला.

"बाईजी, मुझे तो अक्षर नहीं दिख रहे."

मी भिंतीकडे पाहिलं. भिंत काळी झाली होती. फेटे, डोकी, खांद्यांवर चढलेली पोरं, काचेवर चपटे झालेले पंजे. एक ठेंगणी सावली बकरीची होती. बाजाराला आलेला जो तो आमच्या भिंतीला नाक लावून उभा होता.

मी बाहेर धावलो. शंभर-दीडशे माणूस. "अहो, बाजूला सरका! उजेड अडवताय तुम्ही!"

"काय म्हन्ते हे?"

"सरका म्हन्ते."

हशा पिकला. माझ्या बोलण्याची ढब त्यांना भलतीच आवडली असावी. एकाने पुन्हा म्हणायला सांगितलं. एक म्हातारी डोक्यावरची पाटी न उतरवता म्हणाली, "काहून बाप्पा? आमी भित पायली तं तुयं काय गेलं?"

सुखदेव बाजूला थापी धुवत होता. त्याला कुणीतरी विचारलं, "रामटेके, यातून आतल्या पोरी दिसत नायी म्हन्ते. खरं का?"

"नायी दिसत."

"तेच तं पाऊन राह्यलो!"

म्हणजे असं झालं होतं. बाई आठवडाभर घरोघर जाऊन सांगत होत्या की या भिंतीतून काही दिसत नाही, आणि काही दिसत नाही ना, हे बघायला सगळा मुलूख जमला होता. मी हात जोडले, ओरडलो, एकाच्या खांद्याला धरून ओढलं. त्याची जागा दुसऱ्याने घेतली. आत साहेब पुस्तक मिटत असतील. आणि गर्दीत सगळ्यांत पुढे, गाल काचेला टेकवून, एक डोळा मिटून, दौलतराव कावरे.

बाई बाहेर आल्या. त्या ओरडल्या नाहीत.

"दौलतराव, काय दिसतं?"

"कायी नायी, बाई. नुसतं पांढुरकं. कोनी हाल्लं तं काळं."

"आता आत येऊन बसा. इंदूच्या जागी."

चपला काढून ते आत आले आणि एवढा मोठा माणूस मुलींच्या ओळीत टाटपट्टीवर मांडी घालून बसला. मुली तोंड दाबून हसल्या. दौलतराव भिंतीकडे बघत राहिले. बाहेर सावल्या हलत होत्या.

"कोन उभं हाय तिथं?" त्यांनी जोरात विचारलं.

"मी होय, मी! पार्वता!" बाहेरून आवाज आला. "भाजी घ्याले आलती!"

"तुले वळखलंच नायी!"

बाहेर आणि आत एकदमच हसू फुटलं. साहेबही हसले, पण उठायला लागले. त्यांना वारासिवनीची गाडी गाठायची होती. तेवढ्यात दौलतरावांशेजारी बसलेल्या मुलीने आपली पाटी त्यांच्या मांडीवर ठेवली. ती सुखदेवची कुसुम.

"काका, वाचून पाहा ना, मी काय लिवलं."

दौलतरावांनी पाटी डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, तिरपी केली. "दिसत नायी बाई, अंधार हाय."

"आमाले रोज असंच रायते," ती म्हणाली. "खिडकी बंद असली का."

तिने काही मनात धरून म्हटलं नव्हतं. सांगून टाकलं, आणि पाटी परत घ्यायला हात पुढे केला. दौलतराव पाटी देईनात. मग त्यांनी ती हळू तिच्यापुढे ठेवली, उठले, साहेबांना म्हणाले, "बस दो मिनिट, साहेब," आणि अनवाणीच बाहेर गेले.

त्यांचा आवाज मोठा आहे हे लिहिलंच आहे. त्या आवाजात त्यांनी काय काय म्हटलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. "तुमच्या लेकी नायी का आत?" एवढं मात्र मला स्पष्ट ऐकू आलं. सुखदेवने आणि त्यांनी मिळून दोन रिकाम्या बंड्या ओढत आणून भिंतीसमोर चार हातांवर आडव्या लावल्या. माणसं मागे हटली. एकेक करून डोकी निघाली, फेटे निघाले. बकरी शेवटी गेली. दौलतराव एका बंडीच्या जुवावर भिंतीकडे पाठ करून बसले, आणि खोलीत उजेड परत आला.

साहेबांनी चष्मा लावला. पुस्तकातलं पान वाचलं. मग कोपऱ्यात जाऊन वाचलं. मग दाराच्या मागे, जिथे आजवर कुणी पाटी धरली नव्हती, तिथे उभं राहून वाचलं. परत येऊन त्यांनी लेखणी काढली आणि थांबले.

"यह दीवार है या खिड़की? रजिस्टर में क्या लिखूँ?"

माझ्या डोळ्यांपुढे गोंदियाचा कारकून उभा राहिला. मी बोलणार, तोच बाई म्हणाल्या, "खिड़की लिखेंगे तो वरून विचारतील, उघडत का नाही. दीवार लिखिए."

"दीवार लिखूँगा तो पूछेंगे, उजाला कहाँ से आता है."

बराच विचार करून त्यांनी दीवारही लिहिलं नाही आणि खिड़कीही नाही. लिहिलं, "प्रकाश पर्याप्त." सही केली. बाईंनी पुस्तक हातात घेऊन ते दोन शब्द वाचले, आणि मुलींना गणिताची पाटी काढायला सांगितलं. अकरापैकी एक जागा तेवढी रिकामी होती.

मंगळवारी सकाळी मी निघालो. दौलतरावांनी बंडी जुंपून ठेवली होती, पण ते स्वतः नव्हते. शाळेवरून जाताना दिसले. इंदू दप्तर छातीशी धरून पुढे, ते चार पावलं मागे. दारापर्यंत आले, आत गेले नाहीत. चहावाल्याच्या बाकावर बसलेल्या गिऱ्हाइकांकडे एकदा बघून घेतलं, मग माझ्या बंडीत येऊन बसले आणि वारासिवनीपर्यंत धानाच्या भावाखेरीज काही बोलले नाहीत. सुखदेव स्टेशनवर आला होता. सात कच्च्या विटा त्याने पेंढ्यात बांधून दिल्या, मालकांना दाखवायला. परतीच्या सगळ्या गाड्यांत त्या मी मांडीवर घेऊन बसलो, आणि मालकांच्या टेबलावर ठेवल्या. काय बोलणं खाल्लं ते इथे लिहीत नाही.

बाईंचं पत्र परवा आलं. परीक्षा त्याच खोलीत झाली. ऊन चढलं की भिंत तापते, म्हणून बाहेरून ओला तट्ट्या किंवा पडदा असं काही करावं लागेल, त्याचा उपाय आम्ही कळवावा, अशी तक्रार आधी एक पानभर आहे. मग निकाल. अकरांतल्या नऊ पास. इंदू गणितात नापास. दिवाळीपासूनचं बुडालेलं भरून निघालं नाही. ती दोन दिवस जेवली नाही. बाई स्वतः दौलतरावांकडे गेल्या, आता पोरीला घरीच ठेवतील या भीतीने, बोलण्याची सगळी तयारी करून. त्यांना काही बोलावंच लागलं नाही.

"मंग पुढच्या साली बसन ना," दौलतराव म्हणाले. "भित काय पळून चालली?"